दारावरच्या निळ्या खुणा

५ जानेवारी

प्रिय वहिनी,

खोकं उघडून दचकू नकोस. वरच्या पिशवीत आहे ती बंदूक खेळण्यातली आहे, आणि आमच्याकडे तिला बंदूक म्हणायची बंदी आहे. साहेब म्हणतात, ‘ब्लास्टर’ म्हणा, बंदूक म्हटलं की मुलांच्या आया बिचकतात. खालच्या पिशव्यांमध्ये डार्ट आहेत, म्हणजे फोमच्या बोटभर नळ्या आणि पुढे चिकटवलेली रबराची टोपी. ब्लास्टर एका मोठ्या कंपनीचा, आम्ही नुसते बदली डार्ट विकतो. पोरांचे डार्ट कपाटामागे जातात, कुत्री चावतात, शेजारचा बंड्या परत देत नाही. मग मोठ्या कंपनीचे महागडे डार्ट परवडत नाहीत म्हणून लोक आमचे घेतात. लोकांचं हरवावं आणि आमचं पिकावं, असा हा धंदा.

काम सोपं आहे. इथे माझ्या चाचणीच्या खोलीत वारा नाही, धूळ नाही, खिडकीसुद्धा नाही. इथे सगळे डार्ट शहाण्या मुलासारखे सरळ जातात आणि लोकांच्या घरी गेले की ताळतंत्र सोडतात. म्हणून साहेबांनी ठरवलं की काही खऱ्या घरांत चाचणी करून घ्यायची, आणि मी तुझं नाव पुढे केलं. आपला लांबलचक पॅसेज त्याला अगदी योग्य आहे. पुढच्या दाराला पाठ लावून उभी राहा आणि स्वयंपाकघराच्या दारावर मार. तिथे काळा कागद चिकटव. टोपी निळ्या खडूच्या पुडीत बुडवून मग मार, म्हणजे कुठे लागला ते कागदावर उमटतं. एखादी टोपी सुटली तर मात्र लगेच कळव. सुटलेली टोपी लहान मूल तोंडात घालतं. बाकी सगळं गमतीचं, तेवढं गमतीचं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आईला फोन स्पीकरवर लागतो, आणि स्पीकर बंद केला तरी तिचे कान पॅसेजपर्यंत येतात. म्हणून आता खोक्यातूनच बोलू. जाताना माझं पत्र, येताना तुझं.

तुझं त्या शाळेत पोहणं शिकवायला जाणं राहिलं याचं मला फार वाईट वाटतं. तू बॅग भरून ठेवावीस आणि त्याच आठवड्यात, ऐन दिवाळीत, आईने न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घ्यावा, याला काय म्हणायचं? पण ती उभी राहीपर्यंत थांब गं. दादा गेल्यापासून तिला तुझ्याशिवाय आहे कोण? मी आहे, पण मी इथे.

तुझी,
नणंद


१६ जानेवारी

प्रिय वन्सं,

चिडू नकोस. ‘वन्सं’ म्हटलं की तुला जुन्या नाटकातल्या खाष्ट नणंदेसारखं वाटतं हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते.

पहिलाच डार्ट वाट सोडून आईंच्या खोलीत शिरला आणि त्यांच्या पांघरुणावर जाऊन पडला. ‘मेले, मेले!’ असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की खालची शिंपीण जिना चढून आली. मी समजावलं, आई, हा ब्लास्टर आहे. त्या म्हणाल्या, बंदूक ती बंदूक. पण नंतर तो डार्ट त्यांनी बराच वेळ हातात धरून दाबून बघितला, आणि मी मागितला तेव्हा लगेच दिला नाही.

लाल टोपीचे डार्ट सरळ जातात. चपट्या टोपीचे डावीकडे वळतात. तुझ्या दादासारखेच, दुधाला म्हणून निघायचं आणि मित्राकडे पोहोचायचं. पिवळ्यांचं अजून कळत नाही. टोपी एकाचीही सुटली नाही.

घर तू सोडून गेलीस तसंच आहे, फक्त मला ते लहान झाल्यासारखं वाटतं. आईंच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा असतो. वाटी वाजली की मी जायचं. पाणी, उशी, पडदा उघड, पडदा लाव. मला त्याचा राग नाही, दुखणाईत माणसाचं असतंच. पण हल्ली वाटी वाजली नाही तरी मला ऐकू येते. भाजीला खाली उतरते तेवढीच माझी सुटका. तेसुद्धा पिशवी अर्धी भरते न भरते तोच वाटतं, वर वाटी वाजत असेल.

माझ्या मैत्रिणीचा, म्हणजे त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा, निरोप आला. वसतिगृहाच्या मुलींना पोहायला शिकवायची जागा ती एक मार्चपर्यंत अडवून धरते म्हणाली, त्यापुढे तिच्या हातात नाही. राहायला खोली आहे आणि खोलीतून तलाव दिसतो. चाळिशी उलटलेल्या बाईला पाण्यात उतर म्हणणारं यापुढे कोण भेटणार आहे मला? लग्नाआधी शिट्टी गळ्यात घालून काठावर उभी राहायचे, ती मीच का, असं वाटतं.

डॉक्टर म्हणाले होते की महिनाभरात काठी घेऊन चालतील. पण आईंचा पाय उचलतच नाही. मी धरून उभं करते तर सगळा भार माझ्यावर टाकतात आणि ‘गेले गं, गेले’ करतात. पुन्हा एक्स-रेला नेऊ का? तू एकदा डॉक्टरांशी बोल.

तुझी,
वहिनी


२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादाचं ते वाचून मी या बिनखिडकीच्या खोलीत एकटीच हसत बसले. साहेब डोकावले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तुझे कागद त्यांना फार आवडले. तुझं मनही या कामात रमलेलं दिसतंय, ते बघून मला बरं वाटलं. मी त्यांच्याशी बोलून वर्षभराचं काम तुझ्या नावावर करून घेतलं आहे. घरबसल्या काम, उन्हातान्हात जायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. या वेळी खोकी तीन आहेत. ठेवायला जागा नसेल तर तुझ्या पलंगाखाली सरकव.

डॉक्टरांशी बोलले मी. वय झालंय, वेळ लागेल, असं म्हणाले. पुन्हा एक्स-रेला वगैरे नेऊ नकोस. गाडीचे धक्के तिला सोसायचे नाहीत, आणि नसतं काहीतरी होऊन बसायचं.

मैत्रिणीला सांग, एक वर्ष कळ काढ म्हणावं. तलाव काही पळून जात नाही.

आणि मी इथे मजेत आहे असं समजू नकोस. कंपनीने दिलेली खोली गोदामाच्या वर आहे. एक खाट, खाटेला लागून शेगडी. दार पूर्ण उघडत नाही, खाटेला अडतं. तुझ्याकडे निदान पॅसेज आहे.

तुझी,
नणंद


६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तलाव पळून जात नाही हे खरं. पण तो माझी वाटही बघत बसत नाही. वर्षभराचं काम माझ्या नावावर करून घेताना मला एकदा विचारायचं तरी होतंस. मन रमलंय असं मी कुठे लिहिलं होतं? मी डार्ट मारते कारण मारताना तेवढा वेळ वाटी ऐकू येत नाही. आता पलंगाखाली खोकी, पॅसेजमध्ये खोकी, आणि मधून मी आडवी होऊन चालते.

रागाचं इथे संपलं. आता एक विचित्र गोष्ट सांगते आणि ती वाचून हसू नकोस.

पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला निळ्या खुणा उमटतात. मी त्या दाराला पाठ लावून मारते, म्हणजे डार्ट माझ्यापासून लांब जातो. मग पाठीमागच्या दारावर खडू कसा? परवा मी त्या पुसल्या. काल भाजी घेऊन आले तर पुन्हा होत्या, छातीच्या उंचीवर, अगदी दाटीवाटीने. एक डार्ट माझ्या चपलेत सापडला. घरात आम्ही दोघीच, आणि आई तर पलंगावरून पाय खाली सोडत नाहीत. आईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मला काय विचारतेस? बंदूक तुझी.’

मला वाटू लागलंय की माझंच डोकं ठिकाणावर नाही. मीच कधीतरी उलटं तोंड करून मारत असेन आणि विसरत असेन. दिवसभर त्याच पॅसेजमध्ये त्याच दाराकडे बघून माणसाचं असं होत असेल का? खालच्या शिंपिणीला मी काल एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणे.

तू यातली जाणकार आहेस. डार्ट स्वयंपाकघराच्या दारावर आपटून इतक्या लांब उसळून परत येतात का? मला तसं कधी दिसलं नाही, पण मारल्यावर माझं लक्ष कागदावर असतं. हो किंवा नाही, जे असेल ते सांग. मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाबरू नकोस, तुला काहीही झालेलं नाही. डार्ट उसळतात. या खेपेला टोपीचं रबर नवं आहे, जास्त लवचीक. लाकडी दारावर नेमका बसला की तो उलटा फिरून परत येतो. तुझ्या अहवालात तसंच लिहून टाक, ‘उसळून मागच्या दारापर्यंत येतात’ म्हणून. इथेही असं एकदोनदा झालं आहे.

आईला यातलं काही विचारत बसू नकोस. आणि भाजीला जाताना बंदूक कपाटावर ठेवत जा.

घाईत आहे.

तुझी,
नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुझ्या सांगण्यावरून अहवालात ‘उसळतात’ असं लिहिलं आणि तो पाठवूनही दिला. मग मनात आलं, आपण चाचणी करणारी माणसं, तर हीही करून बघू. लाल, चपटे, पिवळे, सगळे मारले. जवळून मारले, लांबून मारले, दारावर मारले, भिंतीवर मारले. डार्ट आपटतो आणि तिथल्या तिथे खाली पडतो. हातभरसुद्धा मागे येत नाही. हे तुला माझ्याआधी माहीत असणार, कारण हेच करून तू पोट भरतेस.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. डार्ट आपोआप उसळत असतील, तर मी भाजीला जाताना बंदूक कपाटावर कशाला ठेवायची? चोराच्या मनात चांदणं, वन्सं.

काल ‘भाजी आणते’ म्हणून निघाले, दार ओढून घेतलं आणि जिना न उतरता बाहेरच दाराला पाठ लावून उभी राहिले.

थोडा वेळ काहीच नाही. मग आत पलंग करकरला. मग काठी टेकल्याचा आवाज, मग चपला. आईंच्या चपला मला झोपेतही ओळखता येतात. त्या पॅसेजमधून स्वयंपाकघराकडे गेल्या, एकदाही थांबल्या नाहीत. आणि मग माझ्या पाठीवर, दाराच्या पलीकडून, थप्प. पुन्हा थप्प. प्रत्येक डार्ट मला पाठीत लागल्यासारखा वाटला. सगळे मारून झाल्यावर चपला दारापाशी आल्या. त्या वाकून डार्ट वेचत होत्या. मोडलेल्या खुब्याची बाई वाकून डार्ट वेचत होती आणि वेचता वेचता काहीतरी गुणगुणत होती. आमच्या दोघींमध्ये फक्त ते दार होतं.

मी आत गेले नाही. खाली जाऊन खरंच भाजी घेतली. वर आले तर आई पलंगावर आडव्या, पांघरूण गळ्यापर्यंत. मी चपला काढते न काढते तोच वाटी वाजली. पाणी हवं होतं. मी दिलं. पेला धरताना त्यांच्या अंगठ्याला निळा खडू होता.

मी रोज त्यांचे पाय चोळून देते. कुशीवर वळवते. त्या ‘गेले गं’ म्हणतात तेव्हा हातातलं टाकून धावते. मला वेड लागलंय असं वाटून मी न्हाणीघराचं दार लावून रडले होते, आणि ते मी तुला जवळजवळ लिहिलंही होतं. तरी तू मला ‘रबर लवचीक आहे’ म्हणून कळवलंस.

तुला माहीत होतं का? एवढंच सांग. आणि आता रबराचं काही सांगू नकोस.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

माहीत होतं.

डिसेंबरातच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हाड छान जुळलंय, चालायला हरकत नाही, मनाची तयारी हवी. ते तुला सांगायच्या आत आईचाच फोन आला. तू भाजीला गेली होतीस. मी विचारलं, फोन तर पॅसेजमध्ये, तू लावलास कसा? ती रडायला लागली. म्हणाली, ‘मी चालते असं कळलं की ती जाईल. तिला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ अशी शपथ घातल्यावर मी काय करणार होते?

पण शपथ हे निमित्त झालं. आता लपवण्यात अर्थ नाही. तू गेलीस की आई माझ्याकडे येणार, या खोलीत, या खाटेवर. शेगडीपाशी ती आणि दारापाशी मी. दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत काढायचा आणि परत येऊन वाटी ऐकायची. मला त्याची भीती वाटली. मला इथे कोंडून घ्यावं लागू नये म्हणून मी तुला तिथे कोंडून ठेवलं, आणि वर खोक्यामागून खोकी पाठवून तुझ्यावर उपकार करतेय असं स्वतःला सांगत राहिले. तुला वेड लागल्यासारखं वाटतंय हे वाचलं तेव्हा मी रडले. आणि रडून झाल्यावर ते रबराचं लिहिलं.

त्याची शिक्षाही ताबडतोब मिळाली. तुझा अहवाल वाचून साहेब नाचायचेच बाकी राहिले. ‘आपोआप परत येणारा डार्ट! पोरांना वेचायला नको!’ पाकिटावर छापायचं ठरलं, मोठ्या दुकानदारांना चहाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर ब्लास्टर माझ्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मारत राहिले, डार्ट भिंतीला लागून मेल्या माशीसारखे खाली पडत राहिले. एक दुकानदार म्हणाला, ‘बाई, भिंत बदलून बघा.’ भिंत बदलली. दुसऱ्या भिंतीखालीही तेवढाच ढीग झाला.

शेवटी साहेबांना खरं सांगितलं, की माझी आई दुखण्याचं सोंग करते आणि सून बाहेर गेली की बंदूक खेळते. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, ‘म्हणजे स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत डार्ट पोहोचतो? दाटीवाटीने? कुठल्या टोपीचा?’

तू जा, वहिनी. एक तारखेच्या आत जा. माझ्याकडे बघू नकोस आणि तिच्याकडे तर मुळीच बघू नकोस. मी येऊन तिला घेऊन जाईन. खाट अडते तर अडू दे.

तुझी,
नणंद


३ मार्च

प्रिय वन्सं,

पुन्हा ‘प्रिय’ लिहिलंय, बघ. पण अजून पूर्ण नाही, थोडं बाकी आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काळा कागद स्वयंपाकघराच्या दारावरून काढला आणि पुढच्या दाराला लावला. बंदूक भरून आईंच्या मांडीवर ठेवली.

‘हे काय गं?’

‘चाचणी. आज तुम्ही मारा, मी वेचते.’

‘मला मेलीला कुठे उठवतं?’

‘मी भाजीला गेल्यावर उठवतं, तेवढंच उठा.’

त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कधी कळलं?’

‘दाराबाहेर उभी होते.’

‘मग आत का नाही आलीस?’

मला वाटलं होतं मी ओरडेन. इतके दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. ‘तुम्ही चालत होतात, आई. मी आले असते तर थांबला असतात.’

त्यावर त्या रडल्या नाहीत, चिडल्या. म्हणाल्या, माझा मुलगा गेला आणि तुला मोकळं रान मिळालं. म्हणाल्या, तू कोण माझी, उद्या चालती झालीस तर विचारणार कोण? मीही काय काय बोलले. खालची शिंपीण जिन्यातच थांबून ऐकत होती, ते नंतर तिनेच मला सांगितलं. शेवटी दोघी दमलो तेव्हा आई म्हणाल्या, ‘तू भाजीला गेलीस तरी घर खायला उठतं गं. कायमची गेलीस तर हाडंसुद्धा ठेवायचं नाही.’

‘मला तर तुम्ही असतानाही खातंय, आई.’

हे त्यांना नवं होतं. मी विचारलं, सगळं घर सोडून दारावरच का मारत होतात? म्हणाल्या, ‘मोठं आहे. नेम चुकत नाही.’

पुढे दोन दिवस आम्ही बोललो नाही. वाटीही वाजली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात आई काठी टेकून उभ्या आणि शेगडीवर चहा. माझी बॅग त्यांनी पलंगाखालून, खोक्यांच्या मागून ओढून काढून ठेवली होती. चहा पिताना एकच बोलल्या, ‘तिकडे पाणी खोल आहे का?’ मी म्हटलं, आहे. ‘मग बरं,’ म्हणाल्या. काय बरं ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्याकडे येणार नाही असंही बजावलं. शिंपीण दिवसातून दोनदा येऊन बघेल असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

निघाले. जिन्याच्या वळणावर माझे पाय थांबले. तुला खोटं सांगत नाही, मी वाटी वाजते का ते ऐकत होते. वाजली असती तर बहुतेक परत फिरले असते. तेवढ्यात आतून वरची कडी लागल्याचा आवाज आला. ती कडी लावायला टाचा उंच कराव्या लागतात. मग मी उतरले.

काल पहिल्यांदा पाण्यात गेले. मुली काठावर बसून बाई पोहतात की बुडतात ते बघत होत्या. हातपाय सगळं आठवत होतं. पण पाण्याखाली डोकं गेलं की मला वाटी ऐकू यायची, आणि मी दोनदा अर्ध्यातून काठाला आले. मुलींना वाटलं बाईंना दम लागला. मी तसंच समजू दिलं.

तुझी,
वहिनी


२० मार्च

चि. बंदूकवालीस,

आईचे आशीर्वाद, पण थोडे कमी. उरलेले खरं बोलायला लागशील तेव्हा. मी तरी कुठे बोलत होते म्हणा. खाण तशी माती.

मला न्यायला येते म्हणतेस. येऊ नकोस. एका खाटेवर दोघी निजलो तर मी तुला लाथ मारीन, आणि तीही मोडलेल्या पायाची. तू यायचंच तर चार दिवस राहायला ये. तुझी खोली आहे, फक्त खोकी उचलून आत जावं लागेल.

तुझ्या साहेबाला सांग, चाचणी मी करते आहे. माझं नाव लावा म्हणावं. लाल सरळ जातो. चपटा डावीकडे जातो, हे तुझ्या वहिनीने बरोबर लिहिलं होतं. उसळत एकही नाही. उसळतात असं तिने चुकीचं लिहिलं होतं, पण ती चूक तुझी. पिवळ्यातल्या एकाची टोपी काल सुटली. ती वेगळ्या पुडीत बांधून पाठवली आहे. ती सगळी पिशवी विकू नका म्हणावं. शिंपीण मला बघायला म्हणून येते आणि आल्या आल्या बंदूक मागते. तिचा नेम भिकार आहे.

वाटी आणि चमचा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. वाजवून करायचं काय?

आता एक सांगते, ते वहिनीला कळवू नकोस. या वेळी खरंच कळवू नकोस. ती गेली तेव्हा मी दाराच्या भोकातून बघत होते. जिन्याचं वळण दिसतं, त्यापुढे दिसत नाही. ती वळणावर थांबली. बॅग खाली ठेवली. मला कळलं, ही ऐकते आहे. माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायला लाज वाटत नाही, कारण तू माझीच मुलगी. मनात आलं की आता इथेच धाडकन पडावं. नुसता आवाज झाला असता तरी ती धावत आली असती आणि मग आयुष्यात पुन्हा गेली नसती. काठी मी हातातून सोडलीसुद्धा होती, भिंतीला टेकली म्हणून वाजली नाही. मग मी टाचा उचलल्या आणि कडी लावून टाकली. पाय फार दुखला.

ती पोहते म्हणे रोज. फोनवर बोलते तेव्हा तिकडे पोरींचा कालवा ऐकू येतो. मी फोन स्पीकरवरच ठेवते, म्हणजे तो सगळ्या घरात पसरतो.

पुढची खोकी वेळेवर पाठव. लाल डार्ट जास्त घाल. आणि हो, काळा कागद मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराला लावला आहे. पुढच्या दारावर आता मारत नाही. ते वाजलं की कुणी आलं असं वाटतं.

तुझी,
आई